नकाशातल्या चार गाड्या

नाही नाही सर, बसा ना — तुम्ही उभे राहिलात की मला धडधडतं. पाणी देऊ? आधीच सांगते, ही अभ्यासिका नाहीच. म्हणजे बाहेर पाटी आहे, 'प्रज्ञा अभ्यासिका', पण पाटीचं काय, पाटी कोणीही लावतं. नगरपरिषदेनं मंजूर केलेल्या नकाशात इथं पार्किंग आहे आणि हे पार्किंगच आहे — चार गाड्यांचं. टेबलं तात्पुरती. पार्टिशनही तात्पुरतं — किती वर्षांपासून? तात्पुरतं म्हटल्यावर वर्षं कशाला मोजायची, सर?

शेजारच्या शीलाकाकूंनी तक्रार केली ना? केलीच असणार. पोरांच्या मोटारसायकली त्यांच्या फाटकासमोर लागतात, मान्य. पण पोरं तरी कुठं लावणार, पार्किंगमध्ये तर टेबलं आहेत! म्हणजे... तात्पुरती. मागच्या वेळी तुमच्याकडले साहेब आले तेव्हा चारही गाड्या होत्या इथं, विचारा त्यांना. एक आमची, दोन समोरच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या आणि चौथी मामांची जीप — ती सुरू होत नाही, पोरांनीच गॅरेजमधून ढकलत आणली. साहेब खूश. चहा घेतला, गेले. मग जीप काही बाहेर निघेना, तर दोघं जण आठवडाभर तिच्या बॉनेटवर राज्यघटना ठेवून वाचत होते — हे मी तुम्हाला का सांगतेय?

सर, बंद नका करू. वर भाडेकरू आहेत, ते बाबांचं. खालचं एवढंच माझं. हे चालतंय तोवर लग्नाचा विषय काढणार नाही, असं बाबांनी कबूल केलंय. बंद पडलं की पुसदचं स्थळ तयारच आहे. मला सगळ्याची भीती वाटते, सर, फोन वाजला तरी दचकते — पण सकाळी हे शटर वर करते ना, तेवढं एक काम मी न घाबरता करते. आणि तुम्ही — अहो, मोजू नका ना! केव्हाची बघतेय, वर स्लॅबकडे बघता, चार पावलं टाकता, परत वर बघता, या खांबापासून त्या खांबा... काय? पंखा? पंख्याखालची जागा रिकामी आहे का? म्हणजे तुम्ही — तुम्ही साहेब नाही?

अरे देवा. मग सांगायचं नाही का भाऊ! काहून एवढी इस्त्रीची कॉलर, काखेत फाइल — मले वाटलं... नवीन माणूस आला की पहिले पंखाच शोधते, मले हे रोजचं, अन् आजच कसं सुचलं नाही! तयारी कशाची करून राह्यले? नगरपरिषदेच्या इंजिनियरची? हसू नका. निवड झाल्यावर इकडे यायचं नाही, शपथ घ्या पहिले. पंख्याखालची जागा तुमची. अन् गाडी? गाडी बाहेर लावा, काकूंच्या फाटकासमोर — इथं पार्किंग नाही, भाऊ.

लावलीच आहे? कोणती, ती काळी? मग तिच्याजवळ उभा तो कोण — हातात टेप आहे का त्याच्या? काकू त्याले आपल्याच शटरकडे बोट दाखवून राह्यल्या...

भाऊ, पळा! मागच्या गेटानं गाडी आत घ्या, इथं, अशी मधोमध. मी टेबल सरकवते. ए, उठा रे सगळे! लागली गाडी? मग पंख्याखाली पुस्तक काय उघडून बसले, मिटा ते भाऊ — गाडी लावायला आलेला माणूस वाचत नसते. आता चूप. एकदम चूप.