तिथले अकरा

लेक : बारा तासांचा प्रवास आहे, आई. सात हजार किलोमीटर! रागात आहे म्हणून काय विमान लवकर पोचतं?

आई : दाखव ते तिकीट.

लेक : फोटो त्यानेच पाठवलाय. खाली लिहिलंय, "घटस्फोटाचा कागद मिळाला. येतोय. या खेपेला नुसत्या मनगटावर भागणार नाही."

आई : ते राहू दे. वेळ सांग.

लेक : रात्री अकराला निघालं, सकाळी अकराला उतरणार. तिथले अकरा म्हणजे आपले अडीच. सहा वर्षं त्याचा फोन यायचा तेव्हा हेच साडेतीन तास मिळवत आले मी. आत्ता सव्वाबारा झालेत. दीडच्या बसने आपण मामाकडे. मग बसू दे त्याला कुलपाशी भांडत.

आई : मग मास्तरांचे दोन शर्ट होतात माझे.

लेक : अगं, बंद कर ती इस्त्री!

आई : तापलीय तोवर होऊन जातील. खाली हे बारीक काय लिहिलंय?

लेक : काही नसतं त्यात. तू एक ओळ लावेपर्यंत विमान उतरेल.

आई : स... सर्व वेळा... त्या त्या शह... शहराच्या स्थानिक... स्थानिक म्हणजे काय गं?

लेक : दे इकडे.

आई : सांग ना.

लेक : निघायची वेळ तिथली. उतरायची... इथली. आई, ते अकरा आपलेच होते.

आई : मागच्या दाराने पळ. चपला राहू देत.

जावई : उघडा! आवाज येतोय आतून!

लेक : मागच्या दाराला तुझे कपड्यांचे गठ्ठे लावलेत, आई!

आई : ओढ ते!

जावई : नाही उघडत? बरं. हे घ्या, कडीच तुटली. सासूबाई, बाजूला व्हा.

आई : जावईबापू, जे काय ते कोर्टात बोला.

जावई : हिच्याशीच बोलतो. ये इकडे! माझ्या मुठीतून केस सोडवून घेतेस?

लेक : आई! तोच हात पिरगळतोय!

जावई : या खेपेला कोपरापासून.

आई : सोड तिला.

जावई : ए म्हातारे, तुझंही थोबाड...

(इस्त्रीचे दोन घाव. टेबल कोसळते.)

जावई : डोळा... माझा डोळा...

लेक : पुरे, आई! पडलाय तो!

आई : उठेल परत.

लेक : नाही उठत. कानातून रक्त येतंय बघ. टाक ती खाली!

आई : तुझा हात?

लेक : बोटं हलत नाहीत. आधी बटण बंद कर, मास्तरांचा शर्ट जळतोय.

आई : केलं. दवाखान्याला फोन लाव. पोलिसांनाही. आईने मारलं म्हणून सांग, लपवू नकोस.

लेक : हॅलो... हो, श्वास चालू आहे... हो. आई, पाऊण वाजेपर्यंत पोचतो म्हणतायत.

आई : आपल्याच घड्याळात ना? नीट विचारून घे.