तिरकी अक्षरे

(चंदीगडच्या मनीमाजरा भागातील एका भाड्याच्या घरात, दुपारच्या प्रहरी. ऋता लॅपटॉपसमोर बसली आहे. सासरे, म्हणजे नवरा शिशिर याचे वडील श्यामसुंदर, तिच्या खुर्चीमागे उभे आहेत. सासूबाई नलिनी स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलीत आहेत.)

ऋता : बाबा, मला फक्त एवढंच सांगा, तुम्ही नेमकं कोणतं बटण दाबलंत?

श्यामसुंदर : एकच बटण असे म्हणता येणार नाही. प्रथम मी पहिल्या प्रकरणापासून अखेरपर्यंतचा समग्र मजकूर निवडला. तदनंतर वर जे खोडरबराचे चित्र आहे, त्यावर टिचकी मारली. मग जतन केले आणि फाइल बंद केली.

ऋता : बंदही केलीत. म्हणजे आता ते मागे फिरवताही येणार नाही.

श्यामसुंदर : काम आटोपल्यावर फाइल उघडी टाकू नये, अशी आमच्या कार्यालयाची शिस्त होती.

नलिनी : काय झालं गं? तुझा चेहरा काहून असा पांढरा पडला?

ऋता : आई, प्रबंधाची सगळी मांडणी पुसली गेली. शीर्षकं साध्या ओळींसारखी झाली, त्यामुळे अनुक्रमणिका रिकामी पडली. आणि जिवाणूंची नावं सगळी सरळ झाली.

नलिनी : सरळ झाली तर बिघडलं काय?

ऋता : जिवाणूचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांतच लिहावं लागतं. नाहीतर विद्यापीठ तपासणीतच प्रबंध परत पाठवतं. पाच वाजता पोर्टल बंद होतंय, आई. मुदतवाढ एकदा घेऊन झाली. आज गेला नाही, तर माझी नोंदणीच रद्द होईल.

श्यामसुंदर : रद्द म्हणजे, पुन्हा पहिल्यापासून?

ऋता : पहिल्यापासूनसुद्धा नाही. संपलंच.

श्यामसुंदर : ती अक्षरे पाहून मला वाटले, टंकन करताना तुझा हात घसरला असावा. एकाच ओळीत दोन शब्द कललेले आणि बाकीचे ताठ. असे टिपण आमच्या साहेबांपुढे गेले, तर ते अंगावर भिरकावीत असत. माझ्यावर तो प्रसंग अनेकदा आला. तुझ्यावर येऊ नये, एवढाच माझा हेतू होता.

नलिनी : सेक्टर बावीसमध्ये म्हाताऱ्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तेव्हापासून हे असंच आहे बाप्पा. परवा माझी सांडग्यांची कृती टाइप केली. तिला इतका समास सोडला, की मिठाचं प्रमाण दुसऱ्या पानावर गेलं.

श्यामसुंदर : नलिनी, ही विनोदाची वेळ नव्हे.

नलिनी : मी विनोद नाही करत. पोरीचं सगळं पाच वाजता संपतंय, ते पाहा जरा.

ऋता : थांबा, मला विचार करू द्या. जुनी प्रत पेनड्राइव्हवर आहे. पण ती माझ्या गाइड देवयानी मॅडमच्या सुधारणांच्या आधीची. ती पाठवता यायची नाही.

श्यामसुंदर : परंतु त्या प्रतीत अक्षरे अद्याप तिरकी असतील?

ऋता : हो. असतीलच की.

श्यामसुंदर : तर ती प्रत शिशिरच्या जुन्या संगणकावर उघडून दे. मी पाहून सांगत जाईन, तू इथे करीत जा.

ऋता : जिवाणूंची नावं यंत्र एकदम शोधून तिरकी करेल, ती माझी मी करते. शीर्षकांना स्टाइलही मीच लावते. अडचण जनुकांच्या नावांची आहे. तोच शब्द जनुकासाठी आला, तर तिरका आणि प्रथिनासाठी आला, तर सरळ. ते यंत्राला कळत नाही.

श्यामसुंदर : मलाही कळणार नाही. पण कोणता कललेला आहे, एवढे मला दिसते.

ऋता : मग या, इथे बसा. दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करू.

नलिनी : तुझी मेघना झोपेतून उठली तर मी पाहते. तुम्ही दोघं मान वर करू नका.

श्यामसुंदर : दुसरा परिच्छेद, तिसरी ओळ, शेवटचा शब्द तिरका. त्याखालच्या ओळीत तोच शब्द, पण ताठ.

ऋता : झालं. पुढे.

श्यामसुंदर : तक्त्याखालचा पहिला शब्द... ऋता, एक विचारू का?

ऋता : वाचता वाचता विचारा, बाबा. घड्याळाकडे पाहवत नाही मला.

श्यामसुंदर : पहिला शब्द तिरका. मेघनाच्या जन्मानंतर, आता शिक्षण पुरे, असे या घरात मीच म्हणालो होतो. तेव्हा आज तुझ्या मनात आले असेल, की हे मी हेतुपुरस्सर केले.

ऋता : पुढचा शब्द?

श्यामसुंदर : कंसातला, तिरका. मग, तसे वाटले का तुला?

ऋता : क्षणभर आलं होतं मनात. खोटं कशाला बोलू? मग तुम्ही शेजारी बसलात, तेव्हा गेलं.

नलिनी : माझ्या मनात नाही आलं. मुद्दाम बिघडवायला अंगात कसब लागतं.

श्यामसुंदर : या वेळी तुझे म्हणणे मला मान्य आहे. ऋता, पान उलटतो.

ऋता : उलटा. शेवटचं प्रकरण राहिलंय. झालं... हे झालं. आता अनुक्रमणिका ताजी करते. आली, बाबा. सगळी शीर्षकं आली, पानांच्या क्रमांकांसकट.

श्यामसुंदर : पाठव. आता काहीही तपासू नकोस, पाठव.

ऋता : पीडीएफ केली. चढवतेय. अजून नुसतंच गोल फिरतंय.

नलिनी : फिरू दे. तू श्वास घे आधी.

ऋता : फिरतंय... स्वीकारला. पोचपावती आली, आई.

नलिनी : आता तरी पाणी पी.

ऋता : बाबा, एक सांगा. पहिल्या प्रकरणाच्या आधीची पानं तुम्ही कशी काय सोडलीत? अनुक्रमणिका सोडली, तर तिथे काहीच बदललेलं नव्हतं.

श्यामसुंदर : तिथे प्रारंभीच आभाराचे पान होते. ते वाचण्याचे धैर्य मला झाले नाही. मी त्या वेळी जे बोललो होतो, ते पाहता त्यात माझा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. आणि नसलेला पाहावयाची इच्छा नव्हती.

ऋता : पुढ्यातच आहे. वाचा की आता.

श्यामसुंदर : मार्गदर्शक... प्रयोगशाळेतील सहकारी... शिशिर... ऋता, गडबड झाली. इथे एक शब्द कललेलाच राहिला आणि तू तर पाठवून मोकळी झालीस.

ऋता : कोणता?

श्यामसुंदर : इंग्रजी लिपीतला. 'बाबा'.

ऋता : इंग्रजी मजकुरात आपल्या भाषेतला शब्द आला, की तो तिरका लिहितात. मी मुद्दाम केलाय.

श्यामसुंदर : म्हणजे ही चूक नव्हे.

ऋता : नाही, बाबा.

श्यामसुंदर : असू दे मग. तिरका आहे, पण नीट वाचता येतो.