भिताडाला हात लावू नका

न्हाई, पण मला एक सांगा, स्वतःच्या दुकानाचं भिताड स्वतः रंगवलं, तर त्यात रडण्यासारखं काय हाय हो? आन् रडलं कोण, तर पुण्याची एवढी शिकल्याली आर्टिस्ट! माझ्या दारात, डिस्टेंपरच्या मोकळ्या डब्यावर बसून! तुम्हाला सांगतो, अठरा वर्सं तळेगाव ढमढेऱ्यात पेंटर म्हणून काढली, माझ्या चित्राला हसणारी लई बघितली... वाघ काढला की 'भिमा, म्हैस झ्याक जमलीय' म्हणणारं गाव हाय हे... पण रडलं कुणी नव्हतं!

तर झालं काय, दोन हजार चार साली रोहन नावाच्या एका पोरानं शिरूरला फ्लेक्सचं दुकान टाकलं आन् माझा धंदा बसला. आमच्या गावचे पुढारी पोपटराव आप्पा, जन्मात पायजमा सोडला न्हाई, त्यांचं मुंडकं ह्या रोहननं कॉम्प्युटरवर कापून कुणाच्या तरी कोट-टायवर बसवलं, कानाला मोबाइल दिला आन् वाढदिवसाला चौकात टांगलं! त्यांच्या बायकूनंसुदिक वळखलं न्हाई, पण पोपटराव खूश! आन् मी त्यांना आठ दिवस समोर बसवून हुबेहूब काढलं होतं, तवा काय म्हणले? 'भिमा, लई खरं काढलंस रं.'

असा माशा मारत बसलोय, तवर बाजाराच्या दिवशी ह्या प्राची मॅडम आल्या. गळ्यात कॅमेरा, फोटो काढला की लगीच मागच्या बाजूला दिसतोय! 'काका, मी आर्टिस्ट आहे.' म्हणलं, या की, आपलंच दुकान! मी बुद्धाचं चित्र दाखवलं, सूर्योदय दाखवला, त्यातले हंस दाखवले. बाई 'हं... हं...' करत गेली थेट बाजूच्या भिताडाकडं. मी आडवाच गेलो! कारण त्या भिताडाला मी ब्रश पुसतो. पाटी झाली की पूस, नंबरप्लेट झाली की पूस... अठरा वर्सांचा थरावर थर, उसाच्या ट्रॉलीचा लाल, दवाखान्याचा हिरवा, नुस्ती घाण! आमची मंडळी, चांगुणा, त्यावरनं रोज बोलती.

आन् बाई किंचाळलीच! 'ओ माय गॉड, काका! काय टेक्श्चर आहे! हे कोणी केलं?'

'चुकी झाली मॅडम,' म्हणलं, 'उद्या पुसून घेतो.'

'नाही नाही! रविवारी मी मुंबईच्या गॅलरीतल्या सरांना घेऊन येते. पुण्यात प्रदर्शन करू, प्रोजेक्टरवर अख्खी भिंत दाखवू, आणि खाली तुमचं नाव. आर्टिस्ट भिमा!'

आर्टिस्ट! अहो, अठरा वर्सं गावभर दुसऱ्याची नावं लिहिली, माझं कुणी लिहिलं नव्हतं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. निघताना बाई परत म्हणली, 'काका, प्लीज, हात लावू नका हं भिंतीला. काहीच करायला नको.'

आता तुम्हीच सांगा, पाहुणं नको म्हणलं म्हणून आपण चहा टाकायचं थांबतो व्हय? पाहुणं नकोच म्हणणार! 'जेवूनच निघालोय' म्हणतंय, आन् ताटावर बसवलं की चार भाकरी हाणतंय! एवढी मुंबईची माणसं येणार आन् दारात ही घाण?

चांगुणा म्हणली, 'ओ, बाई एवढी सांगून गेली, नका ना हात लावू.'

म्हणलं, 'तुला आर्टमधलं काय कळतंय?'

दोन दिवस खपलो. पत्र्यानं समदं खरवडलं, भेगांत लुकण भरली, डिस्टेंपरचे दोन हात मारले. वर कमळ, दोन्हीकडं हंस, मधी सावलीच्या अक्षरात 'सुस्वागतम्'! मीच चारदा लांब जाऊन बघून आलो.

रविवारी गाडी आली. केसांची शेपटी बांधल्याले सर उतरले. 'प्राची, कुठाय ती वॉल?'

'हीच की ओ सर!' मी आपला दात काढून हुभा.

मॅडम बसल्या डब्यावर आन् लागल्या रडायला. लाज वाटती सांगायला, पण मला वाटलं, आनंदानं रडत्यात! म्हणलंसुदिक, 'एवढं काय मॅडम, आपलं कर्तव्यच हाय.' मग सरांनी समजावून सांगितलं, ती घाण हेच खरं चित्र होतं. म्हंजी बघा, जन्मात एकच चांगलं चित्र काढलं होतं म्या, तेबी तिकडं न बघता, आन् तेच पत्रा घिऊन खरवडलं! चांगुणानं आतनं इचारलं, 'चहा टाकू का?' मॅडम म्हणल्या, 'नको.' आन् इतक्या वर्सांत पहिल्यांदा आमच्या घरानं पाहुण्याचं नको म्हंजी नकोच धरलं.

जाताना मॅडम म्हणल्या, 'काका, परत तसं व्हायला किती दिवस लागतील?' म्हणलं, कामं असली तर अठरा वर्सं. पण कामं हायत कुठं? ब्रश भिजला तर पुसणार ना! मग काय, रोज सकाळी उठून नुस्ताच रंगात बुडवतो आन् भिताडाला पुसतो. तेबी जमंना! मुद्दाम पुसल्यालं लगीच कळतंय. तरी सहा महिन्यांनी एका कोपऱ्यात जरा रंग धरला, तवा मॅडमना कार्ड टाकलं. त्यांचा निरोप आला, येते म्हणून.

तवर पोपटराव आले. 'भिमा, काय दशा केलीस रं भिताडाची! माझा जुना फ्लेक्स पडलाय घरात, लावून देऊ का? झाकून जाईल.'

म्हणलं, 'नको आप्पा. हात लावू नका. हाय तसंच राहू द्या.'

काल शिरूरला रंग आणायला गेलो. माघारी येतोय तर काय, अख्ख्या भिताडावर पोपटराव! कोटात, टायमधी, कानाला मोबाइल! चार कोपऱ्याला चार खिळे, त्यातला एक नेमका माझ्या त्या रंग धरल्याल्या कोपऱ्यात! आन् मॅडम उद्या येणार!

'आप्पा, मी नको म्हणलं होतं की ओ!'

'अरं, तू नकोच म्हणणार!' पाठीवर थाप टाकली त्यांनी. 'म्हणून आम्ही ऐकायचं व्हय?'

डोकं धरून त्या डब्यावर बसलो. चांगुणा म्हणली, 'चहा टाकू का?'

म्हणलं, 'नको.'

आणलाच हो तिनं. पिला. काय करता!