मावशीचा छापील पुरावा

...आणि वर मलाच विचारतात, "प्रशांतराव, तुमची मावशी गेली हे ठीक आहे, पण पुरावा काय?" पुरावा! अहो, सख्खी मावशी माझी, गोजरबाई, आईची धाकटी बहीण, बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर मातीची दरड अंगावर येऊन गेली, एकोणीस वर्षांची पोर, अख्ख्या गावाला ठाऊक, गाव आजही त्याला गोजरबाईचं तळं म्हणतं... आणि पुरावा मी आणायचा! पण बोलणार कुणाला? हौस कुणाला होती? मला!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आलं बंगलोरहून. आमचे रंगनाथ सर, नगरच्या कॉलेजातून रिटायर झालेले, शेवगावला राहतात, ते गेले लेकीकडं बंगलोरला, आणि आले ते अंगात आल्यासारखेच! "प्रशांतराव, तिकडं कानडी पोरं काय करतायत माहितीय? सुट्टीच्या दिवशी, फुकट, एक पैसा न घेता, कन्नड भाषेचा ज्ञानकोश इंटरनेटवर चढवतायत! माझा जावईच आहे त्यात. आपण आपल्या तालुक्याचा करू. तोच चढवून देतो म्हणाला. स्वयंसेवक पाहिजेत!" आता अठ्ठ्याण्णव साल, शेवगावात इंटरनेट बघितलेला माणूस एक, तो म्हणजे सर स्वतः, बाकी आम्हाला ते हिरवं का निळं ठाऊक नाही, तरी सरांनी "स्वयंसेवक" म्हणायचा अवकाश, सभेत पहिला हात कुणाचा वर? हायस्कुलातल्या प्रयोगशाळा सहायकाचा. हौस कुणाला? मला!

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणजे कलाबाई, अक्षरओळख नाही, पण ऐकून घेते सगळं. म्हणाली, "म्हंजी त्यात समद्या गावाचं लिवनार?"

"सगळ्या तालुक्याचं."

"मग आमच्या गोजरचं लिव. तिचं नाव न्हाई रं कुठंच. तळ्यावर पाटी लावली, तितं बी न्हाई."

झालं! त्या दिवसापासून शाळेतून आलो, सायकल लावली, की चहाच्या आधी प्रश्न, "लिवलं का गोजरचं?" अगं लिहितो की, आधी बाभूळ होऊ दे! कारण मला सरांनी दिली होती झाडं. बाभळीवर चार पानं लिहिली मी, कडुलिंबावर पाच, आणि ज्या बोरीच्या पाल्यावर अख्ख्या गावानं शेळ्या पोसल्या तिच्यावर अवघी दीड, कारण पुस्तकात तेवढंच सापडलं.

आता तुम्ही म्हणाल, लिहायची होती की मावशी सरळ, अडचण कसली? अडचण अशी की कोश कुणालाही लिहायला मोकळा होता ना! वाचनालयात रजिस्टर ठेवलं, सुतळीनं पेन बांधलं, यावं आणि नोंद करावी. आठ दिवसांत काय झालं विचारा! एकाच्या आज्यानं वाघ मारलेला, काठीनं! दुसऱ्याच्या आज्यानं तोच वाघ, नुसत्या हातानं! तिसऱ्यानं लिहिलं, तो वाघ नव्हता, आमचं कुत्रं होतं आणि त्याची भरपाई अजून आलेली नाही. आणि माजी सरपंच सहादेवअण्णांनी तर आपल्यावर सहा पानं लिहून घेतली, त्यात काय, तर "पाझर तलावाचे शिल्पकार"! अहो, तलाव झाला बहात्तर-त्र्याहत्तरला, तेव्हा अण्णा सातवीत नापास होत होते! माझं डोकंच फिरलं. भर सभेत उठलो, म्हटलं, "सर, असं चालायचं नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. छापील पुरावा असल्याशिवाय एक ओळ घ्यायची नाही!" टाळ्या! सर म्हणाले, "वा! हा कोशाचा पहिला नियम." नियम कुणी सुचवला? मी! हौस कुणाला? मला!

आणि पुढच्याच रविवारी सहादेवअण्णा आले पुरावा घेऊन. काय आणलं असेल? धाकट्या भावाची लग्नपत्रिका! आपल्याकडच्या पत्रिका माहितीयत ना तुम्हाला? नवरा-नवरी दोन ओळीत आणि खाली निमंत्रक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक, अशी शंभर नावं हुद्द्यासकट. त्यात पहिलंच नाव, "सहादेवअण्णा, पाझर तलावाचे शिल्पकार"! सोनेरी अक्षरात! सरांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "प्रशांतराव, छापील तर आहे." घेतली नोंद! मग मी मावशीचा कागद पुढं केला, तर तेच सर, तोच चष्मा... "पुरावा काय?"

मी म्हटलं, ठीक आहे, शोधतो. गेलो नगरला, एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दुष्काळी कामाचं मस्टर मागितलं. तिथला बाबू मान वर न करता म्हणतो, "बहात्तरचं? ते वाळवीनं वाचून संपवलं. आणि नाव कशाला शोधता? मजुरांची संख्या असते, ती देतो." एकोणीस वर्षांची पोर, सकाळी माझ्या आईबरोबर मातीची पाटी घेऊन गेलेली, आणि हा मला संख्या देतो! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी नगरच्या स्टँडवर बाकड्यावर बसून रडलो मी. चांगला दोन शेवगाव गाड्या सोडून रडलो.

आणि तिथंच डोक्यात आलं. माझ्या धाकट्या भावाचं, सम्राटचं, लग्न ठरलेलं. बेलापूरची मुलगी, माधुरी. पत्रिका छापून आणायचं काम माझ्याकडंच! म्हटलं, अण्णांना चालतं तर मला का नाही? वर नमो बुद्धाय, मध्ये मंगल परिणय, आणि खाली टाकलं... "कालकथित गोजरबाई, वराची मावशी, सन १९७३ मध्ये पाझर तलावाच्या कामावर दरड कोसळून निधन." कच्चा नमुना गेला बेलापूरला, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील रंभाजीबाबा स्वतः दारात! हातात तोच नमुना. "पाव्हणं, हे लगीन हाय का पंचनामा? मंगल पत्रिकेत दरड कोसळती व्हय? आमच्यात हे चालनार न्हाई. मोडलं समजा!"

सम्राट माझ्याकडं बघतोय, जणू दरड मीच ढकलली. मग आई आली बाहेर, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बहात्तरला तुमच्या घरचं कुनी खडी फोडाया न्हवतं का?"

रंभाजीबाबा पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "माय हुती माझी." आणि जाता जाता माझ्याकडं वळून, "छापा. पर बारीक अक्षरात!"

लग्न झालं, पुरावा झाला, सरांच्या हातात पत्रिका दिली. सर म्हणाले, "उत्तम! आता नियमात बसलं. भाषा तेवढी मी कोशाला शोभेल अशी करतो." मी म्हटलं, करा की! काय बिघडतं? तिथंच थांबवायला पाहिजे होतं त्यांना. पण आनंद झाला होता ना मला... हौस!

नव्याण्णवच्या दिवाळीत कोश चढला. नगरला नवीन सायबर कॅफे निघालेला, आईला घेऊन गेलो. नवं लुगडं नेसली, काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. तिथल्या पोरीनं खटपट करून मराठी अक्षरं उमटवली, आणि आला आमचा तलाव! वाचतो तर काय... "शिल्पकार : सहादेवअण्णा. या कामी गोजरबाई यांचे मोलाचे सहकार्य लाभले."

सहकार्य! लाभले! दरड नाही, निधन नाही... पाटीवर पाटी टाकून मातीखाली गेलेली पोर, आणि काय लाभलं, तर सहकार्य!

आई शेजारी पदर सावरून बसलेली. "हाय का गोजर?"

"आहे."

"वाच की मग."

काय वाचू, सांगा! मी बोट ठेवलं त्या सहकार्यावर आणि सुरू केलं. "गोजरबाई. वय वर्षे एकोणीस. दुष्काळात या तलावावर माती वाहताना दरडीखाली गेली. थोरली बहीण कलाबाई हातानं माती उकरत होती. भाकरीचं फडकं तेवढं सापडलं."

आईनं पदर डोळ्याला लावला. "फडकं बी लिवलंय?"

"व्हय, आई."

"लई चांगली मानसं हायती रं ती बंगलोरची. सांग त्यास्नी."

सांगतो म्हटलं. काय करणार? दोनशे बारा नोंदी केल्या मी त्या कोशात, सगळ्या छापील पुराव्यानिशी. खरी तेवढी एकच झाली, ती तोंडी केली, आणि माझ्याच नियमानं बाद आहे.