माशांची भावकी

(मंठा, १९९८. नंदाबाई शेंगा फोडतायत. पुण्यात माशांचा अभ्यास करणारी लेक शिवकन्या दोन फोटो घेऊन जवळ बसली आहे.)

नंदाबाई : एकाच माशाचे दोन फोटो दाखवून राह्यली अन् म्हणती, फरक सांग.

शिवकन्या : दोन आहेत, माय. नीट बघ. दोघं पिवळे, दोघांना निळे पट्टे. पण याच्या पट्ट्याला काळी कड आहे. हा एका समुद्रातला, तो दुसऱ्यातला.

नंदाबाई : बहिणी-बहिणी दिसतेत.

शिवकन्या : आधी एकच होते. समुद्रही एकच होता. मग मधून जमीन वर आली, पनामाची. अर्धे मासे इकडं राहिले, अर्धे तिकडं.

नंदाबाई : मधी बांध पडला म्हण की. मंग भावकीच झाली ही.

शिवकन्या : हो. मी दोघांना एका टाकीत सोडून बघणार, जोडी जमते का. त्यासाठीच तिकडं पनामाला जायचंय.

नंदाबाई : भावकीत सोयरीक लावायला आमची बाई सातासमुद्रापार चालली. गल्लीत कुणी विचारलं तर काय सांगू मी?

शिवकन्या : सांग, दोन वर्षांनी येती. बाबांनी हो म्हणलंय. पण तू हो म्हणल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही.

नंदाबाई : एक सांग. हे आता भेटले तर वळखतेत का एकमेकाला?

शिवकन्या : बहुतेक नाही.

नंदाबाई : बराबर. मंग मलाच कशाला दाखवले हे फोटो?

शिवकन्या : अगं, त्यांना तीस लाख वर्षं लागली दुरावायला.

नंदाबाई : तुला पुण्यात चार वर्षं झाली, तर वरणात गूळ मागायली. भ्या वाटतं मला, शिवे.

शिवकन्या : मलाही वाटतं. म्हणून तर विचारायला आले.

नंदाबाई : (दोन्ही फोटो उचलून पुन्हा बघतात.)

शिवकन्या : बोल की माय.

नंदाबाई : त्या माशांचं काय, बांध पडला तर पडला. पल्याडून कुणी हाक मारली न्हाई.

शिवकन्या : मी मारीन. दर रविवारी. एसटीडी बूथवर येऊन बसशील?

नंदाबाई : बसंन की. अन् आवाज बदलला, बोलणं बदललं, तरी फिकीर करू नको. तू नुसती खोकली तरी वळखीन मी. जा, काढ तिकीट.

शिवकन्या : खोकले तर काळजी करशील.

नंदाबाई : ती तर तू शेजारच्या खोलीत असली तरी करते.