सारवलेली शेगडी

प्रिय इरा आणि कबीर,

परवा तुमच्या बाबांचा फोन आला. नव्या घराच्या बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारी शेगडी बसवायची आहे, पण तुमच्या गावात धुराचा नियम असल्यामुळे हवी ती आणता येत नाही, नियमात बसणारीच घ्यावी लागते, असं ते सांगत होते. फोन स्पीकरवर होता. अक्का शेजारी मेथी निवडत बसली होती, ती ऐकता ऐकता हसत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, मालती, पोरांस्नी कळीव, ह्या परीक्षेला मी बसून आलीया.

अक्का म्हणजे हौसाबाई, माझी थोरली जाऊ. तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला ती एकटी राहत होती. छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा मी तिला इथे बारामतीला आणलं. माझं घर एमआयडीसीच्या बाजूच्या सोसायटीत, तळमजल्यावर, मागे लहानसं अंगण, हे तुम्हाला माहीत आहे. अक्का इथे राहणार की परत जाणार, हे बरेच दिवस एका शेगडीवर अडून होतं. तुमची शेगडी ठरायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आत्ता लिहिते आहे. जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करायची मला सवय आहे, ती इथे आवरली. चहानंतर अक्का बोलत गेली आणि मी लिहीत गेले. इथून पुढे बोलणारी ती आहे.

*

माझं माह्यार वडगाव निंबाळकर. घरी ऊस, दारात गुरं, आन् आईला चूल घालायचा नाद, म्हंजी असा की आळीतल्या कुनाच्या घरी नवी सून आली की आईला बोलावनं यायचं, काकू, चूल घालून द्या. माती चाळायची, भुसा मिसळायचा, रातभर भिजवायची आन् सकाळी पायानं तुडवायची, ते तुडवायचं काम माझं. आन् येक शिकवन आईनं दिली ती अशी की सकाळी उठलं की आदी चूल सारवायची. रातीत चूल तडकती, बारक्या बारक्या फटी पडत्यात, त्या शेनामातीनं बुजवायच्या, वरनं हात फिरवायचा, मंगच जाळ घालायचा. बिनसारवलेल्या चुलीवरचा चहा आई प्यायची न्हाय, कुनाच्या घरी गेली तर आदी डोळा चुलीकडं जायचा. काय सांगू तुमाला, मला बाराखडी पुरी आली न्हाय, पर फट कुठं पडली ती अंधारात हातानं कळायची.

लगीन झालं, निरवांगीला आले. तितं तवा पाटाचं पानी आजच्याएवढं न्हवतं, तूर, बाजरी, थोडी तरकारी. तुराट्या जाळायच्या, बाभळ जाळायची, पावसाळ्यात गोवऱ्या. पुढं शाळंत खिचडी शिजवायचं काम लागलं. भिंतीला लागून पत्र्याची शेड, मोठाली चूल, वली बाभळ, आन् डोळ्याला पदर. गुरुजी खिडकीतनं वराडायचे, हौसाबाई, धूर वर्गात येतोय. मी म्हनायची, गुरुजी, खिचडी पन तितनंच येती, ती आली की कुनी वराडत न्हाय. हसायचे बिचारे. तवा आमाला धूर म्हंजी काय, सैपाक हाय तितं धूर हाय, येवढंच ठाव. खोकला आला की म्हनायचं वय झालं.

ग्यास आला, न्हाय आला असं न्हाय. चहा ग्यासवर, दूध ग्यासवर. पर भाकरी चुलीवरच, कारन ग्यासवर भाकरी फुगती, शेकत न्हाय, आहाराला, म्हंजी निखाऱ्याला, लावून उभी केली की जी शेकती ती चव निराळी, ते तुमाला तुमच्या तिकडल्या भट्टीतला पाव खाताना कळत आसंल. मालक गेले तरी मी दोन भाकरी चुलीवरच करायची. मंग छाती भरायला लागली, इंदापूरच्या डाक्टरनं सांगितलं धूर बंद करा, न्हायतर मला सारखं भेटायला या. मालती गाडी घिऊन आली, माझं गठुडं बांधलं, मला हितं आनलं.

आता मालती माझी धाकली जाऊ, तिच्या तोंडावर सांगते, लिव्ह गं, तिनं मला काय काम करू दिलं न्हाय. अक्का बसा, अक्का पडा, अक्का टीव्ही लावू का. सैपाकाला बाई, भांड्याला बाई. मी पाव्हनी. पाव्हनी किती दिवस व्हायचं मानसानं? भाकरी पन त्या बाईच्या हातची, कडंला कच्ची. येक दिस मालती बाजारला गेली, मी सोसायटीतल्या सुबाभळीखालच्या काटक्या येचल्या, अंगनात तीन विटा मांडल्या, पीठ मळलं, आन् पेटवलं. लई बरं वाटलं बगा. आन् पयली भाकरी तव्यावर हाय न्हाय तवर वरच्या मजल्यावरची सोनाली धावत खाली, काखंत पोरगी. पोरीच्या छातीत घरघर, तिला तो तोंडात मारायचा पंप लागतो. सोनाली भांडली न्हाय. निस्ती म्हनाली, अक्का, हिला सहन होत नाही हो. त्या पोरीची घरघर मी वळखली, तशीच मला येती. मी तांब्याभर पानी वतलं विटांवर.

सांजच्याला सोसायटीचे सेक्रेटरी लोखंडेसाहेब आले. मानूस वाईट न्हाय, सगळ्याला नियम लावतोय, सवताच्या कुत्र्याला पन. म्हनाले, अक्का, आवारात धूर होईल असं काही पेटवायचं नाही, पालापाचोळा नाही, बंब नाही, चूल नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी म्हनलं, मंग मी निरवांगीला जाते, तितला धूर माझा हाय, कुनाच्या बापाचा न्हाय. मालती म्हनाली, तिथं जाऊन परत चुलीपुढं बसलात तर छाती किती टिकंल? मी म्हनलं, आन् हितं निस्तं बसून? मंग लोखंडेसाहेबच म्हनाले, बिनधुराची शेगडी मिळते असं ऐकलंय. आणा, आम्ही बघू, धूर नसंल तर आमची हरकत नाही. बगा, त्यांनी दार लावलं, पर कडी लावली न्हाय.

मंग मालतीनं मनावर घेतलं. मालतीनं मनावर घेतलं म्हंजी तुमाला म्हाईतच हाय, सगळं वळीनं. आदी मातीची सुधारलेली चूल बघितली, तिला मागं पाइप, धूर पाइपातनं वर. चांगली हुती, माझ्या आईनं मान हलवली आसती. पर मी वर बघितलं. पाइपाचं तोंड यायचं ते सोनालीच्या कपड्यांच्या दोरीखाली. मी म्हनलं, मालती, धूर गेला न्हाय गं, वरच्या मजल्यावर ऱ्हायला गेला. ती चूल ऱ्हायली.

दुसरी पंख्याची. खाली बारका पंखा, तो वारा घालतो, आन् जाळायला उसाच्या चिपाडाच्या दाबून केलेल्या कांड्या. धूर म्हनाल तर नावाला. जाळ निळा. मालतीला ती लई आवडली. दुकानदार म्हनाला, मावशी, काहीच करावं लागत नाही, बटन दाबायचं. मी म्हनलं, बटनच दाबायचं तर ग्यासनं काय घोडं मारलंय? आन् त्या कांड्या सरल्या की पुन्ना आनायला मालतीच्या मागं लागायचं. मला माझ्या हातानं येचता येईल असं सर्पन पायजे. मालती थोडी फुगली, पर ती पन ऱ्हायली.

तिसरी एमआयडीसीत येका बारक्या कारखान्यात बनवत्यात. लोखंडी, उभी, दोन पत्र्यांची, मधी पोकळ. बाजूनं काटक्या घालायचं तोंड, खालनं भोकं, आन् आत वरच्या कडंला गोल भोकांची रांग. तितल्या पोरानं सांगितलं, खालच्या भोकातनं वारा लाकडाला मिळतो, वरच्या भोकातनं गरम वारा येतो तो धुरालाच जाळतो. पर लाकूड वाळलेलं पायजे आन् बोटाएवढं बारीक पायजे. मी म्हनलं पेटव. पेटवताना धूर झाला थोडा, मंग थांबला, आन् जाळ असा सरळ उभा ऱ्हायला. मालतीनं स्टीलची ताटली वर धरली, ती जवळजवळ तशीच, काळी पडली न्हाय. तीच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची समिती बघायला येनार. मालती आंघोळीला गेली. मी शेगडी अंगनात मांडली आन् तिच्याकडं बघत बसले. नवी चूल, पयला जाळ, आन् तशीच उघडी? हात उठंना बगा. सोसायटीमागं गोठा हाय, तितनं शेन आनलं, कुंडीतली माती घेतली, आन् सारवली, वरनं खालनं, आतनं सुदीक, आईनं सारवली आसती तशी. त्या पोरानं भोकांचं सांगितलं हुतं, पर हाताला कुठं ऐकू येतं. हाताला भोक लागलं की हात म्हनतो फट हाय, बुजीव. येक येक बुजवलं. वर हळदकुंकू लावलं. देखनी दिसत हुती.

आले सगळे. लोखंडेसाहेब, सोनाली, आन् पानीपट्टी गोळा करनारे ते गृहस्थ. मी पेटवली. काय सांगू तुमाला, निरवांगीच्या शाळंत वल्ल्या बाभळीनं कवा केला न्हाय असा धूर. काळा, गुठळ्या गुठळ्या. लोखंडेसाहेब रुमालात तोंड घालून म्हनाले, अक्का, ही बिनधुराची असंल तर धुराची कसली असती? सोनाली वर गेली आन् खिडकी लावल्याचा आवाज आला. तो आवाज मला लागला. मी घरात गेले आन् गठुडं बांधाया घेतलं. हितं माझा जाळ पेटला की दुसऱ्याची खिडकी लागती, मंग जायचंच.

मालती अंगनात येकटीच उभी ऱ्हायली. थोड्या वेळानं पळी वाजल्याचा आवाज आला, शेगडीवर पळी मारत हुती, आन् मातीचा खपला पडला. आत आली आन् हळूच म्हनली, अक्का, भोकं कोनी बुजवली? मी म्हनलं मी. का? मी म्हनलं, का म्हंजी, सारवायची न्हाय व्हय? ती खाली बसली, मला वाटलं आता बोलती. पर ती हसाया लागली, आन् हसता हसता डोळं पुसाया लागली, आन् मंग मला पन कळलं मी काय केलं ते.

पर हसून झाल्यावर काम सोपं न्हवतं, हे नीट लिव्ह. मालती म्हनली, चला, साफ करू. मी म्हनलं, थांब. बिनसारवलेल्या चुलीवर मी भाकरी करायची का, हे माझं मला ठरवायचं हुतं. ते सोसायटीच्या समितीचं काम न्हवतं, मालतीचं पन न्हवतं. आई डोळ्यापुढं आली. आईनं तोंड फिरवलं आसतं. मंग मी म्हनलं, आईनं फटी का बुजवल्या? धूर फटीतनं भायेर पडू नये म्हनून. हितं उलटं हाय, भोक बुजलं की धूर पडतो. म्हंजी आई आसती तर तिनं ही भोकं उघडी ठिवली आसती, फकस्त तिला कळायला येक सकाळ गेली आसती, जशी मला गेली. मी दाभन घेतलं आन् येक येक भोक मोकळं केलं. आन् मन ऱ्हाईना म्हनून अंगनातल्या फरशीवर चौकोन सारवला, त्याच्या मधोमध शेगडी ठिवली. शेगडी उघडी, भुई सारवलेली.

पुन्ना समिती बोलवायला मालतीला लई वेळ लागला. लोखंडेसाहेब रुमाल हातात धरूनच आले. सोनालीला मी सवता बोलवाया गेले, म्हनलं, पोरीला आत ठिव, तू येकटी ये. पेटवताना थोडा धूर झाला, साहेबांनी भुवई वर केली. मी म्हनलं, साहेब, तुमची सिगरेट पेटताना पन येतोच की, तुमी गच्चीवर वढता ती मला दिसती. पानीपट्टीवाले हसाया लागले. तवर जाळ सरळ झाला. भाकरी टाकली. सोनाली वर गेली, ग्यालरीतनं वाकली, वास घेतला, कपड्यांना हात लावला. मंग म्हनली, अक्का, इथं नाही येत. साहेबांनी खिशात रुमाल घातला आन् सांगितलं, सकाळचीच पेटवायची. मी म्हनलं, व्हय.

आता माझे नियम साहेबांपेक्षा कडक हायेत. लाकूड वाळलं न्हाय तर पेटवायची न्हाय. आभाळ दाटून आलं, वारा पडला, तर पेटवायची न्हाय. वरच्या पोरीची घरघर ऐकू आली तर त्या दिवशी ग्यासवर, आन् कच्ची कडा गप खायची. हे मला कुनी सांगितलं न्हाय.

तर पोरांनो, तुमी शेगडी घेताना दुकानदार काय म्हनतो ते ऐका, तुमच्या नियमात बसती का बगा, पर आदी लाकूड बगा. वल्लं लाकूड कुठल्याच शेगडीत सुदरत न्हाय. तिचा वारा बुजवू नका, लवकर इझू नये म्हनून बापाला वाऱ्याची झडप लावू दिऊ नका, हात शिवशिवला तरी. आन् पेटवली की भायेर जाऊन उभं ऱ्हावा, वर बगा, शेजाऱ्याच्या खिडकीकडं बगा. सुखात ऱ्हावा, आबाळ हू नये तुमची, येवढंच मागते.

*

पुन्हा मी. अक्का बोलली ते सगळं ठेवलं आहे, माझ्याविषयीचंही. एक गोष्ट तिने सांगितली नाही, ती मी सांगते. बारामतीचे डॉक्टर अजून म्हणतात की गॅसच बरा, कमी धूर म्हणजे धूर नाही असं नव्हे. मी ते अक्काला वाचून दाखवल्यासारखं सांगते आणि ती ऐकते. त्यामुळे काटक्या घालून झाल्या की ती आता उठून दूर, दाराच्या उंबऱ्यावर बसते, आणि भाकरी उलटायलाच पुढे जाते. तुमच्याकडची शेगडी बंद खोलीत असणार आहे, म्हणून हे तुम्हीही लक्षात ठेवा.

निरवांगीचं घर कुलूपबंद आहे. तिथली चूल कुणी सारवली नाही, म्हणून ती फुटून गेली, मी जाऊन पाहिली. खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. अक्काचं गठुडं माझ्या कपाटात गाठ सोडून ठेवलेलं आहे. ती इथेच राहते.