फेकलेल्या निरोपांचा आकडा

मंडळी, एकच विचारतो, उत्तराची घाई नको. 'माझ्यापर्यंत कुणाची तक्रारच आली नाही' असं म्हणणारा माणूस सुखी, की बहिरा? — मागे कोण हसलं? थांबा, आख्यान तिकडेही येणार आहे!

तर ऐका. एक दूधसंघ होता. तिथं संगणक विभागात विश्वंभर सोनटक्के. त्याच्या ताब्यात एक सर्व्हर. संघातले वजनकाटे, टाक्या, कॉम्प्रेसर, धोक्याची बटणं — सगळे क्षणाक्षणाला त्याला निरोप धाडायचे. 'मी चालू', 'मी तापलो', 'मी बंद'. सर्व्हरनं ऐकायचं, नोंदवायचं, आणि निरोप संकटाचा असेल तर इंजिनिअरच्या फोनवर पाठवायचा.

दूध-संकलनाची केंद्रं वाढली, निरोप दहापट झाले. आणि सर्व्हर कसा? जुन्या कारकुनासारखा! निरोप आला — 'आपण कोण? कुठले?' अहो, तोच काटा, मिनिटात शंभरदा येतोय! तरी चौकशी. मग एक ओळ लिहायची, वही कपाटात, कुलूप, किल्ली कनवटीला. दुसरा निरोप आला — उघडा पुन्हा कुलूप! दारात ही रांग. यंत्रं खोळंबली. व्यवस्थापक गुलाबराव इंगवले कडाडले, "सोनटक्के, सोमवारी रांग दिसता कामा नये!"

विश्वंभरनं कारकुनाची सवय मोडली का? छे! एक ओळ बदलली — रांग भरली, की नवा निरोप टाकून द्या. गुपचूप! सोमवारी रांग नाही, खोळंबा नाही, तक्रार नाही. विश्वंभरला शाल, श्रीफळ. शाल बरी होती. खुर्चीच्या पाठीला टाकून ठेवली त्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

महिन्यानं, संकलनाच्या ऐन गर्दीत, थंड टाकीचा कॉम्प्रेसर बंद पडला. अख्खी टाकी नासली! टाकीवर कोण? शेवंताबाई भोईटे, बावीस वर्षांची नोकरी. चौकशी बसली, विश्वंभरच्याच खोलीत, नोंदी तिथं म्हणून. इंगवले विचारू लागले.

"धोक्याचं बटण का दाबलं नाहीत?"

"तीनदा दाबलं, साहेब. कोणी आलंच नाही."

"नोंद कुठाय?"

"ती यंत्राला विचारा. मी काय अंगठा उमटवून ठेवू बटणावर?"

इंगवले म्हणाले, "नोंद नाही म्हणजे दाबलं नाही. सोनटक्के, नोंदी पूर्ण आहेत असं लिहून द्या. सही करा."

एक सही — की बाई घरी! विश्वंभरनं पेन उघडलं. सहीआधी सहज तपासावं म्हणून सर्व्हरचा हिशेब काढला. तळाशी एक आकडा, महिनाभर कोणी न बघितलेला: टाकून दिलेले निरोप, एकेचाळीस हजार तीनशे सोळा. यंत्र प्रामाणिक हो! फेकायला सांगितलं, फेकलं. आणि फेकल्याची नोंदही ठेवली. त्यातले नऊशे कॉम्प्रेसर बंद पडला त्याच दहा मिनिटांतले.

विश्वंभरची नजर शालीवर गेली. मग त्यानं पेन बंद केलं.

"साहेब, बाईंनी बटण दाबलं हे मी दाखवू शकत नाही. दाबलं नाही, हे कोणीच दाखवू शकत नाही. निरोप फेकायला मी सांगितलं होतं. रांग तुम्हाला दिसू नये म्हणून."

शेवंताबाई म्हणाल्या, "म्हणजे मी ओरडत होते, नि तुम्ही दार लावून सत्कार घेत होता?"

"हो, मावशी."

बाईंची नोकरी राहिली. विश्वंभरची एक वेतनवाढ गेली. शाल परत द्यायला गेला, तर इंगवले म्हणाले, "शाल परत घेण्याचा ठराव झालेला नाही." आता बोला!

मग बसून त्यानं कारकुनाला शिकवलं. नाव एकदा विचार, लक्षात ठेव. शंभर ओळी झाल्या, की एकदाच कपाट उघड. डोक्यात मावेना, तर डिस्कवर रचून ठेव, सावकाश लिही — पण फेकू नको! संकटाच्या निरोपाला वेगळं दार. तो मात्र आल्या क्षणी लिहून कुलुपात, आणि लगेच इंजिनिअरच्या फोनवर. तोच सर्व्हर, दहापट निरोप, आणि एकही गळेना. आणि फेकलेल्यांचा आकडा? तो विश्वंभरनं भिंतीवरच्या पडद्यावर लावला. मोठ्या अक्षरांत. शून्य असला तरी.

आता आपलं बघू. बायको तेच दहाव्यांदा सांगते, आई गुडघ्याचं सांगते. तुम्ही मान डोलावता — आणि निरोप? बाहेर! वर पारावर बसून सांगता, 'आमच्या घरात कुरकुर नाही.' तुमचा फेकलेला आकडा किती? इथं सांगू नका. घरी जा, विचारा: "तू मघाशी काय म्हणत होतीस?" आणि गप्प बसा. उत्तर लांबेल. लांबू द्या.

पेटीवाले, सुरुवात तुमच्यापासून. वहिनी पहिल्याच रांगेत बसल्यात.